हाकवहीचं दोनशे बारावं पान

१

पान कापलेलं आहे हे मांडणीताईंच्या लक्षात आलं सकाळी दहाच्या सुमारास. ते अण्णांनीच कापलं असं समितीने दुपारी चारपर्यंत ठरवूनही टाकलं. अण्णांना जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते.

अण्णा माझे वडील. राष्ट्रीय शेअरबाजाराच्या रिंगणात ते एकतीस वर्षं नोंदनीस होते. पडदे आणि संगणक येण्याआधी सगळे सौदे त्या रिंगणात तोंडी व्हायचे. चारशे दलाल एकाच वेळी ओरडायचे आणि कडेच्या उंच खुर्चीवर बसून अण्णा ऐकायचे. ज्याने हाक दिली त्याचा बिल्ला क्रमांक आणि हाक जशी कानावर आली तशी, एवढंच ते लिहायचे. त्या वहीला हाकवही म्हणत. सौद्याच्या पावत्या दहा वर्षांनी नष्ट होत, हाकवह्या मात्र जपून ठेवलेल्या होत्या.

रिंगण बंद झाल्याला पुष्कळ वर्षं झाली. आता त्याच दालनात बाजाराच्या इतिहासाचं संग्रहालय होणार होतं. उद्घाटन नऊ दिवसांवर आलं होतं, आणि त्या उंच खुर्चीवर अण्णांच्या नावाची पितळी पाटी बसणार होती. पाटी तयार होती. मी ती पाहिली होती.

दालनाची मांडणी करणाऱ्या तरुण मुलीला सगळे मांडणीताई म्हणत. त्यांनीच मला शाळेतून बोलावून घेतलं. काचेच्या पेटीत हाकवही उघडी होती आणि एकाच बाजूला लिहिलेल्या दोनशे अकरा व दोनशे तेरा या पानांच्या मध्ये कागदाची बोटभर पट्टी उरली होती. ब्लेडने, फूटपट्टी धरून, सरळ रेषेत कापलेलं. उरलेल्या पट्टीचा खालचा कोपरा आत दुमडलेला होता. वह्या तपासण्यात जन्म गेल्यामुळे माझा हात आपोआप तो सरळ करायला गेला.

"मॅडम, हात नका लावू," त्या पटकन म्हणाल्या. मग ओशाळल्या. "सॉरी. तुमच्याच वडलांची वही आहे."

"कोणत्या दिवसाचं पान होतं?"

"मोठ्या पडझडीच्या दिवसाचं. चौतीस वर्षांपूर्वीचं."

संध्याकाळी समितीचं पत्र आलं. वही अण्णांच्या ताब्यात होती, त्यांनी ती स्वतः आणून दिली आणि त्यानंतर पेटी उघडली गेलेली नाही, असं त्यात होतं. शेवटची ओळ अशी: 'सबब, पाटी बसवण्याचा निर्णय तूर्त स्थगित करण्यात येत आहे.'

आईने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "त्यांनी कुणाकडून काही घेतलं असेल, असं म्हणायचंय का या लोकांना?"

त्यांना नेमकं तेच म्हणायचं होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या. बाजाराच्या निगराणी विभागाच्या प्रमुख. भावात कुणी लबाडी करतंय का, हे दिवसभर पडद्यावर बघत बसायचं हे त्यांचं काम. पाठीमागे सगळे त्यांना दुर्बीणबाई म्हणत आणि ते त्यांना माहीत होतं.

"समितीने मला नेमलेलं नाही," त्या आत येत म्हणाल्या. "पण पाच दिवसांनी निवृत्त होतेय. टेबल आवरून झालंय. आता समारंभात माझ्याबद्दल लोक काय खोटं बोलणार याची वाट बघण्यापेक्षा हे बरं. वहिनी, चहा टाकता? साखर दोन चमचे. डॉक्टरला सांगू नका."

आईच्या चेहऱ्यावर सात आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

बाई म्हणजे रिंगणात आलेली पहिली स्त्री. पावत्या गोळा करण्याचं काम. पहिल्या आठवड्यात त्या गोंगाटाने रडवेल्या झाल्या तेव्हा अण्णांनी त्यांना खुर्चीजवळ उभं केलं आणि म्हणाले, 'सगळं ऐकू नका. क्रम ऐका.'

"कसला क्रम, माहितेय ना तुला?"

माहीत होतं. मी लहान असताना अण्णांनी हा खेळ माझ्याशी शंभरदा खेळला होता. रिंगणात 'घेतो', 'विकतो' हे शब्द कुणी वापरत नसे, तेवढा वेळच नसे. घेणारा आधी भाव बोलायचा, मग नग. 'बावन्न, पाच हजार.' विकणारा आधी नग, मग भाव. 'पाच हजार, बावन्न.' जो जे घेऊन आलाय ते त्याने आधी बोलायचं. घेणारा पैसे आणतो, विकणारा माल. एवढ्या एका शिस्तीवर चारशे माणसांचा कल्लोळ उभा होता, आणि त्यावर दिलेला शब्द फिरवलेला अण्णांनी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, तीनदाच पाहिला.

"मला या जागेचं अजून नवल वाटतं," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला एका गोदामाच्या पडवीत सात माणसं उभी राहून सौदे करायची. ऊन सरकलं की पडवी बदलायची. कागद नाही, साक्षीदार नाही. आज यंत्रात क्षणात लाखो सौदे जुळतात. चांगला भाव आधी, भाव सारखा तर आधी आलेला आधी. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, यंत्र विचारत नाही. आणि तरी तळाला तीच पडवी आहे. अनोळखी माणसाच्या शब्दावर अनोळखी माणूस पैसे टाकतो."

"मग अण्णांनी पान कापलं असेल?" मी विचारलं. एवढं सरळ विचारायचं माझ्या मनात नव्हतं.

बाईंनी कप खाली ठेवला. "माझ्या कामात एक सवय लागते. ज्याला फायदा झाला त्याच्याकडे सगळेच बघतात. मी आधी असा सौदा शोधते, ज्यात आपलंच नुकसान आहे हे करणाऱ्याला कळायला हवं होतं. तुझे अण्णा कोणत्या प्रकारात बसतात ते अजून ठाऊक नाही. आणि बसले तर तुला तसंच सांगेन. चालेल?"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "चालेल."

३

मांडणीताई रडकुंडीला आल्या होत्या. ब्लेड त्यांचंच असणार, अशी त्यांची भीती होती. त्यांच्या खोक्यातून नाहीसं झालं होतं आणि परत खोक्यातच सापडलं होतं.

"पेटीची किल्ली कुठे असते?" बाईंनी विचारलं.

"घंटेच्या कपाटात. खिळ्याला. दालनात कुलूपवालं कपाट तेवढं एकच आहे."

"आणि त्या कपाटाची किल्ली?"

"कपाटाच्या वर."

"वा! म्हणजे बाजाराच्या इतिहासाचं रक्षण स्टूलवर चढता न येणाऱ्यांपासून पक्कं आहे."

मांडणीताई हसल्या, आणि मग बोलायला लागल्या. दालनात रोज येणारे तिघंच. त्या स्वतः, कित्येक वर्षं बाजाराची घंटा सांभाळणारे घंटाकाका आणि संग्रहालयाला पैसे देणारे धाकटे शेठ.

"मला खरंच यातलं काही कळत नाही हो. मागच्याच महिन्यात जुनी पावतीपुस्तकं मांडत होते. काही पावत्या फाडलेल्या आणि उरलेल्या खुंटाचा कोपरा दुमडलेला. घाण दिसतं म्हणून सगळे कोपरे सरळ करत बसले तर घंटाकाका असे ओरडले! म्हणे दुमडलेला कोपरा म्हणजे दलालाने स्वतः रद्द केलेली पावती, ती त्याची सही आहे. मी शंभर सह्या पुसल्या होत्या. पुन्हा एकेक दुमडायला लावल्या त्यांनी."

"दोनशे बाराव्या पानाबद्दल कुणाला माहीत होतं?"

त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. "ही मी समितीला दाखवली नाही. वाटलं, सर आजारी होते, उगाच त्यांच्यावर आणखी... वही देताना त्यांनी ही दिली. म्हणाले, उद्घाटनाच्या दिवशी वही या पानावर उघडी ठेवा, आणि पानाखाली काही लिहू नका. ज्यांना वाचता येतं ते वाचतील."

चिठ्ठीवर अण्णांचं अक्षर होतं. थरथरतं, पण ओळीत. 'पान २१२.'

जे पान लोकांनी बघावं असं अण्णांना वाटत होतं, तेच कुणीतरी कापलं होतं. मला सुटल्यासारखं झालं. बाईंना नाही.

"समिती म्हणेल, आजारी माणूस. कापून विसरला," त्या म्हणाल्या. "अजून पुरत नाही. चल, पुतळ्याकडे."

४

दालनाच्या दारात मोठ्या शेठचा अर्धपुतळा होता, अजून कापडात गुंडाळलेला. पडझडीच्या त्या दिवसाची गोष्ट देशभर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. सगळे विकत होते. भाव कोसळत होते. लोकांची आयुष्यभराची शिल्लक डोळ्यांसमोर विरघळत होती. आणि शेवटच्या वीस मिनिटांत मोठे शेठ रिंगणात एकटे उभे राहिले आणि येईल तो माल घेत सुटले. घसरण थांबली. बाजार वाचला.

त्यांचा मुलगा, धाकटे शेठ, साठीला आला होता. त्याला रिंगण कधी लाभलं नाही. तो परदेशी शिकून आला तेव्हा पडदे लागले होते.

"आमच्या बाबांचा दिवस कापला गेलाय," तो मला म्हणाला. "तुमच्या वडलांबद्दल मला आदर होता. अजूनही ठेवायचा प्रयत्न करतोय."

बाईंनी खुर्ची ओढली.

"शेठ, तुम्ही त्या दिवशी होतात ना?"

"प्रेक्षकांच्या सज्जात. आईबरोबर. पंचविशीचा होतो, सुट्टीवर आलेलो. गोष्ट तुम्हाला माहीतच आहे."

"गोष्ट नको. गोष्ट वर्तमानपत्रात वाचलीय. आवाज सांगा. तुमच्या बाबांचा, जसा कानावर आला तसा."

त्याने जरा अविश्वासाने आमच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले. आणि त्या गुळगुळीत माणसाच्या गळ्यातून एकाएकी दुसराच, रांगडा, छातीतून फुटलेला आवाज आला:

"पाच हजार! बावन्न! पाच हजार! बावन्न!"

दालनात ते घुमलं. त्याने डोळे उघडले, ते भरलेले होते. "मी अजून झोपेत ऐकतो हा आवाज," तो म्हणाला.

बाई खूप हळुवारपणे म्हणाल्या, "सुरेख लक्षात ठेवलंत."

आधी नग, मग भाव. मोठे शेठ त्या दिवशी घेत नव्हते. विकत होते.

५

बाहेर आल्याबरोबर मी म्हणाले, "त्यानेच कापलंय. वडलांचा पुतळा वाचवायला."

"अगं, थांब. श्वास घे." बाई पायऱ्यांवर बसल्या. "त्याने ती हाक आपल्याला म्हणून दाखवली. अभिमानाने. अर्थ कळत असता तर जीभ कापून घेतली असती. रिंगणात त्याने कधी पाऊल टाकलं नाही, त्याला क्रम माहीतच नाही. आता विचार कर. पानावर काय असणार? बिल्ला नऊ, मोठे शेठ, 'पाच हजार, बावन्न.' क्रम न कळणाऱ्याला ते पान कसं दिसेल?"

मी थांबले. "गोष्टीचा पुरावा असल्यासारखं."

"तो तर सोन्याच्या चौकटीत लावेल ते. मांडणीताईंनाही क्रम ठाऊक नाही. ते पान फक्त अशा माणसाला बोचतं ज्याला ते वाचता येतं."

"म्हणजे अण्णा," मी म्हणाले.

"किंवा आणखी कुणी."

घंटाकाका घंटेखाली स्टूलवर बसून पितळ पुसत होते. ऐंशीच्या घरातले. आवाज कायमचा बसलेला, जणू घशात वाळू.

"या बाईसाहेब," ते म्हणाले. "निवृत्तीला काय देतायत? घड्याळ?"

"घड्याळच. वेळ संपली की घड्याळ देतात, ही बाजाराची जुनी गंमत."

"मला स्टूल दिलं." ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा हात थांबला. "पोरी, आई कशी आहे?"

"घराबाहेर पडत नाही."

त्यांनी पुन्हा पुसायला सुरुवात केली, जिथे आधीच चकचकीत होतं तिथेच.

"काका," बाई म्हणाल्या, "घंटेआधी तुम्ही काय करत होतात?"

"होतो इथेच. आत."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. तुमची दुर्बीण तिथवर पोचायची नाही."

"तुमचा आवाज कशाने गेला?"

"थंड पाण्याने," ते म्हणाले, आणि आमच्याकडे पाठ करून स्टूलवर चढले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला परत पेटीजवळ नेलं. मांडणीताईंकडून किल्ली घेतली, पेटी उघडली आणि वहीला हात न लावता पेन्सिलीच्या टोकाने ती पट्टी दाखवली.

"एकतीस वर्षं तुझ्या वडलांच्या हातून चुका झाल्या असतील ना?"

"झाल्या असतील."

"मग काय करायचे ते? शोध."

मी मागची पानं चाळली. चुकलेल्या नोंदीवर एक आडवी रेघ, बाजूला वेळ, बस. पान फाडलेलं नाही. खाडाखोड नाही. नोंदनिसाला रद्द करायचा अधिकारच नव्हता. जे बोललं गेलं ते बोललं गेलं.

"म्हणजे कागद काढून टाकणं हे नोंदनिसाच्या हातातच नाही," बाई म्हणाल्या. "आणि ज्याने काढला, त्याने एक गोष्ट विचार न करता केली. चोराने करू नये अशी. सवयीने. आयुष्यभर ज्याने ती केली असेल त्यालाच अशी सवय लागते."

मी पट्टीकडे पाहिलं. खालचा कोपरा. आत दुमडलेला, नखाने दाबून बसवलेला, नीट त्रिकोणी.

"दलालाने रद्द केलेली पावती," मी म्हणाले.

"आणि ती त्याची सही असते. मांडणीताईंना ज्याने शंभर कोपरे पुन्हा दुमडायला लावले, त्याला स्वतःचा एक चुकवता आला नाही." त्यांनी पेटी बंद केली. "काल सभासदांची जुनी यादी काढली. बिल्ला एकशे सत्तावीस. पडझडीच्या दुसऱ्या दिवशी स्वखुशीने परत केलेला. पुढच्या महिन्यापासून त्याच नावाचा माणूस घंटेवर नोकरीला."

मागे स्टूल वाजलं. घंटाकाका उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

७

"पान फाडलं नाही मी," ते म्हणाले. "फाडवेना. घरी आहे, ट्रंकेत."

आम्ही तिघं रिंगणाच्या पायऱ्यांवर बसलो. मांडणीताईंना बाईंनी काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं.

"त्या दिवशी सगळे विकत होते," काका सांगू लागले. "मी छोटा दलाल. खिशात काही नाही. पण मला दिसत होतं की त्या कंपनीच्या गिरण्या काल होत्या तशाच आज उभ्या आहेत, माणसं कामावर गेलीत, धूर निघतोय. मग शेअरचा कागद निम्म्या भावाचा कसा होईल? डोकं फिरलं. 'बावन्न' ओरडायला लागलो. बावन्नला जो देईल त्याचं घेतलं. सगळ्यात मोठा सौदा मोठ्या शेठचा. पाच हजार. आम्ही समोरासमोर उभे. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, शेठ घेतायत. शेठ घेतायत म्हटल्यावर विकणाऱ्यांचे हात थांबले."

"आणि तुमच्याकडे पैसे नव्हते," बाई म्हणाल्या.

"चौथाईसुद्धा नव्हते. घंटा झाली तेव्हा कळलं, आपण काय करून बसलो. पळून जायचा विचार होता, खरं सांगतो. नोंदीच्या खोलीत शेठ आले. तुझे अण्णा वही बंद करत होते. मी शेठचे पाय धरायला वाकलो तर म्हणाले, 'उभा राहा. उद्या लोकांना कळलं की घेणारा तू होतास, तर परवा बाजार उरणार नाही.' ज्यांनी मला माल दिला होता त्यांना सांगितलं, हा माझ्याच वतीने ओरडत होता, आणि माझे सगळे सौदे त्यांनी स्वतःवर घेतले. सगळे. बुडाले असते तर घरासकट बुडाले असते. बदल्यात एवढंच मागितलं की मी बिल्ला परत करायचा आणि कधी बोलायचं नाही. मी शब्द दिला."

"म्हणजे पुतळा खोटा नाही," बाई स्वतःशी म्हणाल्या. "शौर्य घंटेनंतरचं आहे, इतकंच."

"अण्णा काय म्हणाले?" मी विचारलं.

"शेठ त्यांना म्हणाले, त्या ओळी बदला. तुझा बाप म्हणाला, 'लिहिलेलं बदलणार नाही. पण कुणी विचारल्याशिवाय वाचूनही दाखवणार नाही.' चौतीस वर्षं कुणी विचारलं नाही." त्यांनी नाक पुसलं. "यंदा आजार वाढला तेव्हा मला म्हणाला, आपण दोघंच उरलो. तू गेलास की तुझं नाव कुठेच नाही. पान उघडं ठेवतो. मी नको म्हटलं. तो हट्टी. गेला, आणि चिठ्ठी ठेवून गेला."

"आणि तुम्ही कापलंत."

"वाटलं, कोण पानं मोजतंय. त्याच्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही, पोरी. आणि आलं तेव्हा तोंड उघडणार कसं? का कापलं, हे विचारणारच ना."

मला खूप काही बोलता आलं असतं. ते म्हातारे होते, आणि अण्णांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या पायाशी बसून राहिलेले मी त्यांना पाहिलं होतं. मी एवढंच म्हणाले, "काका, तुमचा शब्द राहिला आणि अण्णांचं नाव गेलं."

त्यांनी मान खाली घातली. मग बाईंनी विचारलं, "रिंगणात सौदा मोडायचा असेल तर?"

"दोघांची संमती लागते," ते म्हणाले.

"आणि एकजण गेलेला असेल?"

"वारस." त्यांनी हळूहळू वर पाहिलं. "नाही. नाही, बाईसाहेब. त्या मुलाला मी कसं सांगू?"

८

सांगितलं त्यांनीच. उभं राहून, धाकट्या शेठच्या टेबलासमोर, ट्रंकेतलं पान दोन्ही हातात धरून. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी जो आवाज आयुष्यभर ऐकतोय, तो विकण्याचा आहे."

"हो."

"घाबरले होते का ते?"

"त्या दिवशी न घाबरलेला एकच होता," काका म्हणाले, "आणि तो गाढव होता. तुमच्यासमोर उभा आहे. तुमचे बाबा घाबरले आणि घंटेनंतर, घाबरलेले असतानाच, त्यांनी सगळं अंगावर घेतलं. मला विचाराल तर ते जास्त कठीण."

धाकटा शेठ उठून खिडकीपाशी गेला. आमच्यापैकी कुणाचाही त्याच्यावर काही हक्क नव्हता. तो नाही म्हणाला असता तर काकांनी कापल्याची कबुली दिली असती, कारण सांगितलं नसतं, आणि अण्णांच्या नावावर संशयाची सावली तशीच राहिली असती. हे त्यालाही कळत असावं. तो मागे वळला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे नाही.

"तुमच्या वडलांना मी भ्रष्ट म्हटलं. समितीत. मोठ्याने." मग तो काकांसमोर येऊन उभा राहिला आणि हात पुढे केला. "बाबांच्या वतीने. तुमचा शब्द मोकळा."

काकांनी हात धरला आणि सोडेचनात.

पान मग माझ्याकडे आलं. मी वाचलं. बिल्ला नऊ: पाच हजार, बावन्न. बिल्ला एकशे सत्तावीस: बावन्न, पाच हजार. खाली पुन्हा एकशे सत्तावीस, पुन्हा, पुन्हा, सगळं पान भरून, बावन्न, बावन्न, बावन्न. आणि अगदी शेवटी, समासात, बारीक अक्षरात दोन शब्द, जे कुणाची हाक नव्हते. नोंदनिसाने लिहू नयेत असे. 'आवाज स्थिर.'

मी ते बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "समितीला मी कळवते," त्या म्हणाल्या. "आजच. पत्राची भाषा जरा वाईट असेल. निवृत्त होणाऱ्या माणसाला तेवढी सूट असते."

घरी पोचले तेव्हा आई जेवणाची ताटं मांडत होती. मी सगळं सांगितलं, काहीही न वगळता. ती ऐकत राहिली, डाव हातात तसाच.

"मला ठाऊकच होतं, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. पत्र आल्यापासून रोज वाटत होतं, असेल का. सत्तेचाळीस वर्षांचा संसार, आणि वाटलं मला."

"मलाही वाटलं, आई."

"कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं म्हणे त्यांनी." ती ताटाकडे बघत होती. "त्या दिवशी घरी आले असतील ना ते? हात धुतले असतील, इथेच बसले असतील. मी वाढत होते. आज बाजारात काय झालं, एवढं विचारायला काय झालं होतं मला?"

मी अकरा वर्षांची होते, घरातच होते, आणि मीही विचारलं नव्हतं.

आईने डाव खाली ठेवला. पदराने चेहरा पुसला आणि तिचा नेहमीचा, सात आठवड्यांपूर्वीचा आवाज परत आला.

"पाटी कधी बसवतायत?"

"उद्या दहाला. समितीचा फोन आला होता."

"साडेनऊला निघू. आणि त्या घंटावाल्या भाऊजींना सांग, तिथून थेट आपल्याकडे यायचं. संध्याकाळपर्यंत सोडणार नाही म्हणावं. मला त्यांना पुष्कळ विचारायचंय."